मारुतीच्या कुठवर आलं?

या खेपेला पत्रं जरा जास्तच आलीत. पाऊस पडला की आपल्या नाशिककरांना प्रश्न पडतात, आणि नाही पडला तर त्याहून जास्त पडतात. मी पाटबंधाऱ्यात असताना तीस वर्षं नदीकाठची, पाण्याची उंची मोजायची पट्टी वाचली, त्यामुळे गोदावरीचा प्रश्न आला की माझं उत्तर लांबतं असं घरचे म्हणतात, ते चालवून घ्या. नाव छापू नका असं बऱ्याच जणांनी लिहिलंय म्हणून कुणाचंच छापत नाही.

प्रश्न (कॉलेज रोडवरून एक विद्यार्थिनी): काका, पावसाळ्यात रोज मोबाईलवर येतं, गंगापूर धरणातून इतके हजार क्युसेक सोडले. म्हणजे नक्की किती पाणी? घरात आजीला वाचून दाखवलं तर ती म्हणते, ते क्युसेक राहू दे, नदीतल्या मारुतीच्या कुठवर आलं तेवढं सांग.

तुझ्या आजीला नमस्कार सांग, तिचा प्रश्न बरोबर आहे, पण बातमीवालाही चुकत नाही, दोघं वेगवेगळी गोष्ट मोजतायत.

क्युसेक म्हणजे एका सेकंदाला एक घनफूट पाणी, म्हणजे साधारण २८ लिटर. तुमच्या गच्चीवर हजार लिटरची काळी टाकी असेल ना, ती एक क्युसेकच्या धारेखाली धरली तर ३५ सेकंदांत भरून वाहायला लागेल. आता १० हजार क्युसेक म्हणजे सेकंदाला २ लाख ८३ हजार लिटर. उन्हाळ्यात वाडीवस्तीवर १० हजार लिटरचा टँकर येतो, तसे २८ टँकर दर सेकंदाला तुझ्यासमोरून गेले तर जेवढं होईल तेवढं. अजून एक हिशेब सांगतो, कारण टीएमसी, म्हणजे शंभर कोटी घनफूट, ऐकून लोक गांगरतात. ११ हजार ५७४ क्युसेक पाणी सलग २४ तास वाहिलं की एक टीएमसी होतं. गंगापूर धरण पूर्ण भरलं की त्यात साधारण साडेपाच टीएमसी असतं. आता तूच मांड, १० हजाराने सोडत बसलं तर अख्खं धरण रिकामं व्हायला साडेसहा दिवससुद्धा लागणार नाहीत. नदी किती नेते याचा अंदाज येतो बघ.

आणि बातमीत धरणाचा आकडा एक असतो, शहरातल्या होळकर पुलाचा दुसरा असतो, त्यावरून लोक भांडतात की खरा कुठला. दोन्ही खरे. धरणाच्या खाली आणि पुलाच्या वर जो भाग आहे तिथं पडलेला पाऊस, तिथले ओहोळ-नाले हे सगळं पुलाच्या आकड्यात येतं, धरणाच्या आकड्यात कसं येईल? अजून खाली नांदूरमधमेश्वरच्या बंधाऱ्याला गेलात तर तिथं दारणा, कादवा या नद्यांचं सगळं पाणी जमा झालेलं असतं, तिथला आकडा मोठाच असणार.

आता मारुती. रामकुंडाच्या पुढचा आपला दुतोंड्या मारुती ही नाशिकची सगळ्यात जुनी आणि सगळ्यात जास्त वाचली जाणारी गेज पट्टी आहे. गुडघ्याला लागलं, कंबरेला आलं, गळ्याशी आलं, डोक्यावरून गेलं, एवढं फोनवर सांगितलं की भांडी बाजारातल्या माणसाला कळतं आपल्या दुकानातली कितवी फळी रिकामी करायची. त्याला क्युसेक सांगून उपयोग नाही. पण मारुती सांगतो ती उंची, पाणी किती वाहतंय ते नाही सांगत, आणि इथंच गंमत आहे. समज, नदीचं पात्र अरुंद केलं, घाटाला नवीन पायऱ्या-चौथरे बांधले, तळात काँक्रिट ओतलं, गाळ साचू दिला, तर तेच पाणी आता जास्त वर चढणार. म्हणजे आजीच्या तरुणपणी मारुतीच्या कंबरेला लागायचं तेवढ्याच पाण्यात आता तो छातीपर्यंत बुडू शकतो.

आमच्या कामातही तेच होतं. आम्ही पट्टीवर उंची वाचायचो आणि तक्त्यात बघून क्युसेक लिहायचो, पण पात्राचा आकार बदलला की तो तक्ता खोटा पडतो, परत करंट मीटर, म्हणजे पाण्याचा वेग मोजायचं यंत्र, पाण्यात सोडून नवा करावा लागतो. मारुतीचा तक्ता कुणी नवा करत नाही. म्हणून आजीला सांग, मारुतीकडे बघायचं ते दुकान कधी उचलायचं यासाठी. एकोणसत्तरचा पूर मोठा का २०१९ चा, हे भांडण एकट्या मारुतीच्या भरवशावर मिटायचं नाही.

प्रश्न (आडगावकडून एक वाचक): नदीजवळ टू बीएचके बघितलाय. बिल्डर म्हणतो, साहेब ही जागा निळ्या पूररेषेच्या बाहेर आहे, फक्त लाल रेषेच्या आत आहे, आणि लाल रेषा म्हणजे शंभर वर्षांतून एकदा येणारा पूर. २०१९ ला मोठा येऊन गेलाय, आता तुमच्या नातवापर्यंत टेन्शन नाही. घ्यावा का?

घ्यावा का ते तुमचा खिसा सांगेल, पण बिल्डरचं गणित साफ चुकीचं आहे, आणि हे गणित नाशिकमध्ये इतक्या लोकांना असंच सांगितलं जातं की मला आता राग यायचाही बंद झाला.

निळी रेषा म्हणजे सर्वसाधारणपणे २५ वर्षांतून एकदा येईल एवढ्या पुराची पातळी, आणि लाल म्हणजे शंभर वर्षांतून एकदावाल्या पुराची. पण 'शंभर वर्षांतून एकदा' ही काय एस्टीची फेरी नाही की एक गाडी गेली म्हणजे पुढची शंभर वर्षांनी. त्याचा अर्थ एवढाच की कुठल्याही एका वर्षी तेवढा पूर यायची शक्यता शंभरात एक. गेल्या वर्षी आला असला तरी यंदा परत शंभरात एकच, नदीला काही आठवत नाही. निळ्या रेषेला हीच शक्यता दर वर्षी शंभरात चार.

आता तुम्ही २० वर्षांचं होम लोन काढणार. २० वर्षांत निदान एकदा लाल रेषेएवढा पूर यायची शक्यता होते १८ टक्के, आणि निळ्या रेषेएवढा यायची ५६ टक्के. तुमचा फ्लॅट दोन्हींच्या मधे, म्हणजे हप्ते फिटायच्या आत आवारात पाणी यायची शक्यता या दोन आकड्यांच्या मधे कुठेतरी. निळ्याला जितका चिकटून तितकी छप्पन्नकडे. आणि हे सगळं पाऊसमान पूर्वीसारखंच राहील असं धरून, ते राहतंय का हे पुढे एका प्रश्नात येतंय.

मी काय करीन ते सांगतो. महापालिकेच्या नगररचनेत जाऊन नकाशावर स्वतः बघीन, ब्रोशरवर नाही. दोन्ही रेषांच्या मधे बांधायला परवानगी मिळते पण जोतं लाल रेषेच्या पातळीच्या वर हवं, ते आहे का बघीन. तुम्ही चौथ्या मजल्यावर असाल, तुमच्या सोफ्याला काही होणार नाही, पण मीटरची पेटी, बोअरची मोटर, लिफ्टचा खड्डा आणि तुमची गाडी हे सगळं खाली आहे ना? पूर ओसरल्यावर चार दिवस पाणी भरलेलं पार्किंग, लाइट नाही, लिफ्ट नाही, वरच्या टाकीत पाणी चढत नाही, आणि घरात ऐंशी वर्षांची आई. आमच्या एका नातेवाइकांचं असंच झालं, त्यांनी बेसमेंटला पार्किंग मिळालं म्हणून पेढे वाटले होते.

आणि एक साधी ट्रिक, जवळच्या जुन्या घरांच्या मागच्या भिंती बघा. पुढची भिंत रंगवतात, मागची कुणी रंगवत नाही. तिथं गाळाची तपकिरी रेघ अजून दिसते, बोट लावून विचारा कुठल्या सालची.

प्रश्न (पंचवटीतले एक दुकानदार): आम्हाला स्पष्ट सांगा, पूर पावसाने येतो की धरणवाल्यांमुळे? आधी भरभरून ठेवतात आणि मग एकदम सोडतात. दर वेळी नुकसान आमचं.

दादा, तुमचा संताप मला कळतो, माझ्या तोंडावर लोकांनी हेच ऐकवलंय आणि एकदा तर चहासुद्धा नाकारलाय. पण गंगापूर धरण बांधलं ते पिण्यासाठी आणि शेतीसाठी पाणी साठवायला, पूर अडवायला नाही. जुलैमधे ते रिकामं असतं तेव्हा वरचा पूर गिळतं, तुम्हाला कळतसुद्धा नाही. ऑगस्ट-सप्टेंबरमधे भरलेलं असताना त्र्यंबक-आंबोलीकडे धो धो झालं की आत येईल तेवढं खाली सोडावंच लागतं, मातीचं धरण आहे ते, वरून वाहू देऊन चालत नाही. २००८ चा पूर आठवा, १९ सप्टेंबरचा, ऐन पितृपक्षात. तेव्हा पावसाळा संपत आलेला, धरणात जागा कुठनं असणार?

तुमचं अर्धं म्हणणं मात्र मला मान्य आहे. पुढच्या दोन-तीन दिवसांचा अंदाज हातात असताना आधीपासून थोडं थोडं सोडून जागा करता येते. मग पाऊस आलाच नाही आणि धरण रिकामं राहिलं तर मे महिन्यात शिव्या खायला तोच इंजिनिअर उभा असतो, म्हणून हात आखडतो. २०१६ साल विसरलात का? त्या उन्हाळ्यात रामकुंड कोरडं पडलं होतं, लोक तळातल्या फरशीवर उभे राहून फोटो काढत होते, आणि त्याच वर्षी ऑगस्टच्या सुरुवातीला मारुती बुडाला. एकाच वर्षात दोन्ही.

प्रश्न (निफाड तालुक्यातून एक द्राक्ष बागायतदार): माझ्या बागेत गारा पडल्या, बांधापलीकडे चुलतभावाच्या बागेत एक नाही. असं कसं? आणि गारा पांगवणारी तोफ येते म्हणे, घ्यावी का ग्रुपमधे?

भाऊ, वाचून वाईट वाटलं. बांधाबांधाचा फरक खरा असतो, गारपीट पट्ट्याने येते. मार्च-एप्रिलमधे जमीन तापलेली, खाली समुद्रावरून आलेली ओल, आणि वर उत्तरेकडून सरकून आलेली थंड हवा, असं जमलं की ढग उभाच्या उभा चढतो. त्याच्या पोटात वर जाणारा वारा एवढा जोराचा असतो की गोठायला आलेलं पाण्याचं टिपूस खाली पडूच देत नाही, परत वर फेकतो, त्यावर बर्फाचं पुट चढतं, आणि वजन वाऱ्याला पेलवेनासं झालं की गार सुटते. लिंबाएवढी गार ताशी ६०-७० किलोमीटरने येते, म्हणजे हायवेवरची मोटरसायकल घडावर आदळल्यासारखं. आणि हा जोराचा वारा अख्ख्या ढगात नसतो, त्याचा गाभा तेवढा असतो. तो गाभा सरकत जातो त्याच्या खालचं शिवार झोडपतं, बाकी नुसतं भिजतं. चुलतभावाचा नशिबाने पट्टा चुकला, त्याच्यावर राग धरू नका.

तोफ घेऊ नका. मोठा आवाज करून गारा फुटतात याला शास्त्रात आधार नाही, ढगात एवढ्या विजा कडाडतात त्यांच्या आवाजाने गारा फुटत नाहीत तर तोफेने काय होणार. त्या पैशात वरून अँटिहेल नेट, म्हणजे गारा अडवणारी जाळी, किंवा प्लास्टिक कव्हर बघा. तेही स्वस्त नाही, एकरी लाखांत जातं, पण निदान काम करतं. पूर्वी आपण म्हणायचो गारपीट उन्हाळ्याच्या तोंडाला, २०१४ ला फेब्रुवारीअखेरपासून मार्चच्या मध्यापर्यंत महाराष्ट्रभर झोडपलं तेव्हा तसंच होतं, पण २०२३ ला २६ नोव्हेंबरला निफाडला पडलीच ना, छाटणी होऊन बाग ऐन नाजूक असताना.

नुसता पाऊस झाला तरी पिकलेला मणी पाणी ओढतो आणि साल तडकते, म्हणून पाऊस थांबल्या थांबल्या वेल हलवून किंवा ब्लोअर फिरवून घडातलं पाणी झटका, हे तुम्ही करतच असाल. नंतर डावणी रोगावर लक्ष. आणि विमा असेल तर ७२ तासांच्या आत कळवायचं असतं, पंचनाम्याला कधी येतील याची वाट बघत बसू नका, आधी फोटो काढा आणि कळवा.

प्रश्न (पिंपळगावहून एक आजोबा): निफाडला पारा एवढा खाली येतो, आम्ही पहाटे बागेत शेकोट्या पेटवतो, आणि टीव्हीवर सांगतात पृथ्वी तापतेय. कुणाचं खरं?

आजोबा, दोन्ही खरं. निफाडची जमीन सपाट, उघडी, डिसेंबर-जानेवारीत आभाळ निरभ्र आणि हवा कोरडी. ढगाचं पांघरूण नसलं की दिवसभराची ऊब रात्री सरळ वर निघून जाते, थंड हवा जड म्हणून तळाशी साचते. त्यात हवामानाचा पारा मोजतात तो जमिनीपासून चारेक फूट वर, लाकडी पेटीत. तुमच्या वेलीच्या पायाशी त्याहून दोन-चार अंश कमी असू शकतं. ही झाली एका गावाची एक रात्र. तापलेलं म्हणतात ते सगळ्या पृथ्वीचं, सगळ्या वर्षाचं सरासरी तापमान, आणि २०२४ हे मोजणी सुरू झाल्यापासूनचं सगळ्यात गरम वर्ष ठरलं, कारखानदारी सुरू व्हायच्या आधीच्या मानाने दीड अंशाच्या वर.

शेकोटीचं म्हणाल तर धुरापेक्षा आच कामाची, आणि आचेपेक्षा रात्री ड्रिपने दिलेलं पाणी. ओली माती ऊब धरून ठेवते. टायर मात्र जाळू नका हो.

प्रश्न (नाशिकरोडवरून एक वाचक): पूर पूर्वीही यायचे. सगळ्याला क्लायमेट चेंज म्हणायची फॅशन झालीय, तुम्हाला नाही वाटत?

थोडंसं वाटतं, हो. पण थोडंसंच.

हवा एक अंशाने तापली की ती साधारण ७ टक्के जास्त वाफ धरून ठेवू शकते, हे साधं भौतिकशास्त्र आहे, मत नाही. अरबी समुद्र तापतोय, वाफ तिथून येते. पुण्याच्या आयआयटीएम या हवामान संशोधन संस्थेचे रॉक्सी मॅथ्यू कोल आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी २०१७ ला दाखवलं की १९५० ते २०१५ मधे मध्य भारतात मोठ्या भागावर एकाच वेळी कोसळणाऱ्या अतिवृष्टीच्या घटना तिप्पट झाल्या, आणि याच काळात तिथला एकूण पावसाळी पाऊस मात्र घटला. म्हणजे पाऊस कमी दिवस पडतो आणि पडतो तेव्हा अंगावर येतो. शेतकरी हे अभ्यास न वाचता सांगतात.

पण सराफ बाजारात, दहीपुलाखाली पाणी शिरतं ते बघा. गंगापूरमधून एक थेंब सुटलेला नसतो तरी सरस्वती नाला तिथं दुकानात घुसतो. एका तासात ५० मिलिमीटर पाऊस झाला तर एका हेक्टरवर ५ लाख लिटर पाणी पडतं. माती असेल तर त्यातलं बरंच मुरतं, काँक्रिट असेल तर सगळं नाल्याकडे धावतं, आणि नाला आपण पाइपात कोंबून वर रस्ता केलाय. नासर्डीच्या काठाने फिरून या, नदी कुठं संपते आणि कंपाउंड कुठं सुरू होतं ते शोधून दाखवा. ब्रह्मगिरीच्या पायथ्याशी जेसीबी लावले तेव्हा लोक ओरडले, तपोवनातली झाडं तोडायचं निघालं तेव्हाही ओरडले, बरं केलं. आभाळातला वाटा जगाचा आहे, जमिनीवरचा मात्र आपला गावचाच आहे आणि माझ्या मते शहरातल्या तुंबण्यात हाच मोठा आहे. तेव्हा क्लायमेट चेंज म्हणून हात झटकणाऱ्याला मीपण फॅशनवालाच म्हणतो, त्याबाबतीत तुमच्या बाजूने.

प्रश्न (सिडकोतून एक ताई): रेड अलर्ट म्हणून शाळेला सुट्टी दिली आणि कडक ऊन पडलं! काय अर्थ आहे?

ताई, अलर्ट जिल्ह्याचा असतो आणि आपला जिल्हा विचित्र आहे. इगतपुरीला वर्षाला तीन हजार मिलिमीटरच्या आसपास पडतो, तिथून ४५ किलोमीटरवर आपल्या शहरात सातशेच्या आसपास, आणि सिन्नर-येवल्याकडे अजून कमी. तुमच्याकडे ऊन होतं त्या दिवशी घाटात काय झालं ते बघा. हल्ली घाटभागाचा इशारा वेगळा देतात, बातमीत 'घाट' शब्द आहे का तेवढं वाचायचं. आणि घाटात रेड असेल तर तुमच्या डोक्यावर ऊन असलं तरी गंगेवर, म्हणजे आपल्या गोदावरीवर, कपडे धुवायला जाऊ नका, ते पाणी काही तासांत खाली येतं.

प्रश्न (सातवीतला एक वाचक, मखमलाबाद): घरी पाऊस मोजता येतो का?

येतो की. सरळ उभ्या भिंतीचा डबा घे, वर-खाली सारखाच रुंद, बरणीसारखा गळा नको आणि बादलीसारखा पसरटपण नको. गच्चीवर किंवा अंगणात उघड्यावर ठेव, झाडाखाली नको, भिंतीला लागून नको, आणि वाऱ्याने पडू नये म्हणून विटांमधे बसव. आत पट्टी उभी धरून मिलिमीटर वाच. डबा छोटा का मोठा याने फरक पडत नाही, तेवढं का ते बाबांना विचार, त्यांना नाही आलं तर मला परत लिही. हवामान खात्यासारखं रोज सकाळी साडेआठला वाच, वहीत लिही, मग पेपरातल्या आकड्याशी ताडून बघ, जुळणार नाही आणि तरी तुझाच बरोबर असू शकतो. वाचून झालं की पाणी लगेच ओतून टाक, नाहीतर डास होतील आणि आई डबाच फेकून देईल.